ओल्या चुन्याची भिंत

बाबा,

एका चित्राच्या खरेदीबाबत मला तुमचे मत विचारायचे आहे. विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेली, हे मी जाणतो. तुम्हांला जाऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि तुम्ही असताना मी तुम्हांला जी पत्रे लिहिली ती कोल्हापूरच्या वसतिगृहातून, फीची मुदत आणि परीक्षेचा निकाल कळवण्यापुरती. परंतु नोकरीची सर्व वर्षे मी सरकारी कचेरीत काढली. तेथे कोणतेही प्रकरण निकाली काढण्यापूर्वी त्यावर टिपणी लिहून ती वरिष्ठांपुढे ठेवावी लागे, आणि ती सवय निवृत्तीनंतरही माझ्या हाताची सुटलेली नाही. घरात माझी वरिष्ठ म्हणावी अशी जी व्यक्ती होती, ती गेल्या वर्षीच्या फाल्गुनात गेली. आता प्रकरण भिंतीचे आहे, आणि भिंतीचे प्रकरण या घरात प्रथमपासून तुमच्याकडेच असे. म्हणून हे तुम्हांला लिहीत आहे.

आपली भिंत अजून आहे, हे आधी सांगतो. घर आता तुम्ही सोडून गेलात तसे नाही. पडवीला जाळी बसली, चूल गेली, जमिनीला फरशी आली आणि सगळ्या खोल्यांना आतून सिमेंट लावून वर तेलकट रंग दिला, जो ओल्या फडक्याने पुसता येतो. गवंडी गणपतीच्या भिंतीशी आला तेव्हा तुमची सून त्याला आडवी आली. एवढी एक भिंत चुन्याची राहू दे, असे ती म्हणाली. एकाच खोलीत तीन भिंती गुळगुळीत आणि चौथी खडबडीत, हे विजोड दिसेल असे मी तिला समजावून सांगितले. दिसू दे, म्हणाली. त्यामुळे आपल्या माजघरात अजूनही चिऱ्यावरची ती चुन्याची भिंत आहे आणि दर चतुर्थीला गणपती तिच्याचपुढे बसतो.

तुम्ही सुनेला पाहिले नाहीत. ती देवगडकडची, आंब्याच्या बागा असलेल्या घरातली. शिक्षण माझ्याइतके नव्हते. पण हिशेब, माणसे आणि हवामान या तिन्ही बाबतींत तिचा अंदाज माझ्याहून बरा असे. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला तिने भिंत पाहिली आणि हिच्यावर काय काढतात असे विचारले. तुम्ही गेल्यापासून भिंतीवर कोणी काही काढत नव्हते; चुना मारून भिंत पांढरी ठेवत आणि पुढे बाजारातला कागदी पडदा लावत. मला चित्र काढता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. गेरू भिजवून तिने स्वतःच हात घातला. आंब्याचे झाड बरे साधले. त्याच्या बाजूला तिने हत्ती काढला, तो मात्र पाय वाकलेला, मान खाली घातलेला, पोटाने जड असा उतरला. आरतीला आलेल्या भावकीतल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारले, “गणपतीक म्हैस खंयसून हाडलंस गो?” नवी सून. मला वाटले, आता ही रडणार. ती समईत तेल घालत होती, मान वर न करता तिने सांगितले, “हत्तीच आसा तो. देवगडसून चलान इलो, दमलोहा.”

त्या दिवसापासून या घरात दमलेला हत्ती सुरू झाला. दर वर्षी ती जुने चित्र चुन्याखाली घाली आणि नवे काढी, आणि दर वर्षी त्यात कोठेतरी तो हत्ती असे. मी बादली धरत असे आणि स्टूल हलू नये म्हणून त्यावर हात ठेवून उभा राहत असे. शेवटच्या वर्षी तिला उभे राहवत नव्हते. तिने पाटावर बसून जेवढा हात पुरला तेवढ्यातच काढले. झाड नाही, वेलबुट्टी नाही. भिंतीच्या खालच्या भागात एकटा हत्ती, गेरूचा, नेहमीपेक्षा लहान. गणपती चौरंगावर बसल्यावर तो बहुतेक झाकलाच गेला. पुढच्या फाल्गुनात ती गेली. वर्ष भरलेले नव्हते म्हणून गेल्या चतुर्थीला आपल्या घरी गणपती आणला नाही, भावकीत जाऊन नमस्कार केला. भिंतीला त्यामुळे चुना लागला नाही. हत्ती आहे तेथेच आहे.

यंदा गणपती येणार. मुलगा पुण्याहून कुटुंबासह येत आहे. म्हणजे त्याआधी भिंतीला चुना लागला पाहिजे, आणि तो लावणे माझ्याकडून होत नाही. आषाढ संपला, श्रावण लागला. मी चुना आणला, तो माठात भिजत घातला, कुंचला आणला, आणि दररोज काही ना काही कारण काढून त्या खोलीतून बाहेर पडत राहिलो. मुलाने फोनवर सुचवले की चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवू आणि भिंत एखाद्या रंगाऱ्याकडून उरकून घेऊ. सूचना गैर नाही. मी त्याला विचार करतो असे सांगितले आणि तो विषय तेवढ्यावर थांबवला.

अशा स्थितीत मी तुमच्या सुनेच्या फोटोची चौकट दुरुस्त करायला मालवणच्या बाजारात गेलो. पावसाळी हवेने मागची फळी फुगली होती. चौकटीच्या दुकानात नेहमीप्रमाणे देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि पर्यटकांसाठी किल्ल्याची चित्रे होती: सूर्यास्तातला किल्ला, भरतीचा किल्ला, होडीसह किल्ला. दुकानदार फळी बदलत होता. मी स्टुलावर बसलो होतो. समोर जमिनीवर, मोरीच्या बाजूला, एक चित्र भिंतीला टेकवून ठेवले होते. लांबी माझ्या दोन हातांहून थोडी अधिक असेल. प्रथम मला त्यात काहीच दिसले नाही, पांढऱ्या रंगाचा एक पट्टा तेवढा दिसला. नंतर दिसले ते असे की मी उठून त्याच्यापुढे उकिडवा बसलो. या वयात तसे बसल्यावर उठणे सोपे नसते.

बाबा, ती चुना मारलेली भिंत होती. नुकताच मारलेला चुना. उजवीकडे तो सुकून पांढरा झालेला आणि त्याखालचे सगळे नाहीसे झालेले. डावीकडे तो अजून ओला, राखाडी, पाण्यासारखा, आणि त्या ओल्या चुन्यातून मागच्या वर्षीचे चित्र आरपार दिसत होते. एक मोर, केळीचा अर्धा गाभा, कमळाच्या दोन पाकळ्या. मोराची मान ओल्या बाजूला होती आणि पिसारा सुकलेल्या बाजूला जाऊन संपला होता. ज्याने चुन्याची भिंत सुकताना पाहिलेली नाही त्याला हे चित्र अर्धवट वाटेल. दुकानदाराला तसेच वाटत होते. मी एवढा वेळ बघतो आहे हे पाहून त्याने मला सावध केले. “तां पुरां झालेलां नाय, साहेब. नुसती भिंत काढल्यान हा. लोक येतत नि इचारतत, किल्लो खंय?”

चित्र एका बाईंचे असून त्यांनी ते विक्रीसाठी ठेवले आहे आणि कित्येक महिन्यांत कोणी किंमतही विचारलेली नाही, असे तो म्हणाला. त्यांचे नाव मी पूर्वी ऐकले नव्हते. त्यानेही त्यांच्या किल्ल्यांची चित्रे काय ती विकली होती. किंमत त्याने सांगितली. ती माझ्या पेन्शनला पेलणारी होती. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हता, हे येथेच नोंदवून ठेवतो. मी फोटो घेतला आणि घरी आलो. परंतु बसमध्ये माझ्या मांडीवर तिचा फोटो होता आणि डोळ्यांपुढे ती ओली भिंत होती.

तुमची आठवण येण्याचे कारण उघड आहे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातला तो रविवार. तुम्ही धोतर वर खोचून, बंदर कचेरीत कधी कोणी पाहिले नसेल अशा वेशात, भिंतीपुढे उभे आहात. थोरली आक्का शिंपल्यांचा चुना ढवळते आहे, त्यात नीळ टाकते आहे, आणि नीळ जास्त पडली म्हणून तुम्ही तिला बोलता आहात. मी दाराच्या उंबऱ्यावर. तुम्ही कुंचला फिरवता आणि मला दर वर्षी तोच धक्का बसतो: चुना लावला तरी चित्र जात नाही. ते ओले होऊन उलट अधिक गडद दिसते, नव्याने काढल्यासारखे. तुम्ही कुंचला धुऊन आंघोळीला जाता. मी तेथेच बसून राहतो, कारण खरी गोष्ट आता सुरू होणार असते. कोपऱ्याकडून भिंत पांढरी होऊ लागते. ते कधी घडते हे कितीही टक लावली तरी दिसत नाही. आपण मोराच्या पायाकडे पाहत असतो तेवढ्यात डोक्यावरचा तुरा गेलेला असतो. जेवणाची हाक येईपर्यंत अर्धी भिंत गेलेली असते, आणि जेवून येईपर्यंत काहीच नसते.

एका वर्षी तुम्ही गलबत काढले होते. शिडे उभारलेली, आणि सुकाणूवर तांडेलाच्या जागी गणपती, डोक्याला फडके बांधलेला. बंदरावरचे तुमचे खलाशी मित्र ते पाहायला मुद्दाम घरी आले. शिडाची दोरी तुम्ही चुकीच्या बाजूला काढलीत म्हणून एकाने तुमच्याशी वादही घातला. पुढच्या वर्षी ते पुसायची वेळ आली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि हलेना. तुम्ही रागावलात, पण मोठ्याने नाही. कचेरीत आणि परक्या माणसांशी तुम्ही पुस्तकी बोलत असा आणि मलाही तसेच बोलायला शिकवलेत, त्या दिवशी मात्र घरच्या बोलीत म्हणालात, “भिंत देवाची, चित्र आपलां. आपलां तां आपणच पुसूचां. दुसऱ्यान पुसल्यान तर जीवाक लागता.” मग मला खांद्याला धरून बाजूला केलेत आणि कुंचला भिजवलात. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर गेरूचे शीड उमटले होते. आईने तो सदरा धुतला तरी ते पुष्कळ दिवस गेले नाही.

आता माझी योजना सांगतो. मला ती त्या वेळी निर्दोष वाटली होती. ते चित्र विकत घ्यायचे. गणपतीच्या भिंतीवर, हत्तीच्या पुढे, ते उभे करायचे. त्याच्यापुढे चौरंग आणि मूर्ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मूर्तीमागे चुन्याची भिंत आणि तिच्यावरचे चित्र दिसेल, म्हणजे रीत पाळली जाईल. आणि मागे खऱ्या भिंतीवर तुमच्या सुनेचा हत्ती, चुना न लागता, सुरक्षित राहील. विसर्जनानंतर चित्र उचलले की हत्ती जागच्या जागी. दर वर्षी तेच करता येईल. कोणाचे मन दुखावण्याचा प्रश्न नाही आणि काही गमावण्याचाही नाही.

ही योजना मी प्रथम आक्काला सांगितली. तुमची ही थोरली लेक आता ऐंशीला आली आहे. शेजारच्या वाडीत मुलाकडे असते, काठी घेऊन चालते आणि माझ्यावर अजूनही डोळे वटारते. ती पडवीत कोकमाच्या सोलांचे आगळ बाटल्यांत भरत बसली होती. मी तिला चित्र कसे आहे, कोठे लावायचे, चौरंग किती पुढे घ्यावा लागेल, हे सगळे क्रमाने सांगितले. तिने हातातले काम थांबवले नाही. माझे बोलणे संपल्यावर म्हणाली, “देवाच्या पाठीमागे भिंतीचां चित्र लावतलंस? आणि भिंत खंय ठेवतलंस, कपाटात?” आणि स्वतःच हसली, इतकी की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिले. मी तिला म्हणालो की ही थट्टेची बाब नाही. तेव्हा तिने पदराने डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिले आणि वेगळ्या आवाजात म्हणाली, “तिका जपून ठेवूक व्हया तर तसां सांग. ह्या चित्राक मदी कित्याक घालतंस?”

येताना तिने सोलांचे आगळ भरलेली बाटली हातात दिली. ते सर्व माझ्या एकट्याने संपणार नाही हे तिलाही ठाऊक आहे.

तरीही दोन दिवसांनी मी त्या बाईंकडे गेलो. पत्ता दुकानदाराने दिला होता. मालवणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या चढावर, त्यांचे छोटे घर आहे. पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतात आणि उरलेल्या पडवीत चित्रे काढतात. वय पन्नाशीच्या पुढे असावे. पूर्वी कल्याणला शाळेत चित्रकला शिकवत होत्या, काही वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आल्या. मी चित्रासाठी आलो आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि किल्ल्याची चित्रे काढून ठेवू लागल्या. मला भिंत हवी आहे हे सांगितल्यावर हातातले चित्र त्यांनी तसेच धरून ठेवले. कोणती भिंत, असे त्यांनी विचारले, जणू मी दुसऱ्या कोणाच्या भिंतीबद्दल बोलत असेन.

तोपर्यंत आम्ही दोघेही शिष्टाचाराच्या मराठीत बोलत होतो. मी माझी योजना त्यांनाही सांगितली. सांगायलाच हवी होती असे नाही. विकत घेणारा वस्तूचे काय करणार हे विकणाऱ्याला सांगण्याचे बंधन नसते. पण मी सांगितली. हत्तीबद्दलही सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या घराची हकिकत सांगितली. त्यांच्या माहेरी भिंत त्यांची आई रंगवत असे. आईच्या मागे भावाने घर पाडून स्लॅबचे बांधायला घेतले. त्या कल्याणहून निघाल्या, आणि येऊन पोचल्या तेव्हा जेसीबीने काम उरकले होते. चिऱ्यांच्या ढिगात एका तुकड्यावर मोराचा पाय दिसला, एवढेच. भावाचा दोष नाही, त्याला त्यांनी कळवलेच नव्हते की मला ती भिंत पाहायची आहे. हे सांगताना त्यांची बोली आपोआप बदलली. “सुकताना बघूक गावली नाय माका,” त्या म्हणाल्या. “म्हणान ओलीच काढलंय.”

खालून बंदराचा, बर्फ फोडण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. मग त्यांनी व्यवहाराचे बोलणे केले. चित्र चार दिवस घरी नेऊन लावून पाहा, जमले तर पैसे द्या, न जमल्यास परत आणा. इतरांना त्या अशी मुभा देतात का, हे मी विचारले नाही. मी दुकानातून चित्र उचलले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि रिक्षाने घरी आणले.

घरी आल्यावर पहिली अडचण खिळ्याची आली. चित्र जड होते, त्याला खिळा हवा. जेथे खिळा मारायचा ती जागा मोजून पाहिली तर ती हत्तीच्या पाठीवर येत होती. थोडी वर घेतली तर चित्र खालून हत्ती झाकेना. शेवटी मी खिळ्याचा विचार सोडला आणि चौरंगावर उभे करून चित्र भिंतीला टेकवले. नीट मध्यावर. मागे सरून पाहिले. योजना उत्तम जमली होती. हत्ती दिसत नव्हता. समोर मोर ओल्या चुन्यातून पाहत होता, आणि बाजूंनी आपली खरी भिंत, दोन पावसाळ्यांची ओल धरलेली, मळकट.

मी बराच वेळ तेथे बसलो. प्रथम वाटले, आता निश्चिंत झालो. मग मला हत्ती पाहावासा वाटला. मी उठून चित्र बाजूला केले, हत्ती पाहिला, चित्र परत लावले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चित्र हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मला एक साधी गोष्ट कळली, जी इतक्या टिपण्या लिहिणाऱ्याला आधी कळायला हवी होती. झाकलेला हत्ती दिसत नाही. चुन्याखालचाही दिसत नाही. या दोन्हींत फरक एवढाच की झाकला तर तो जाताना मी पाहणार नव्हतो. पुढच्या खोलीत निघून आलो असतो आणि तो सुरक्षित आहे असे स्वतःला सांगत राहिलो असतो. तुमच्या सुनेने दवाखान्यात डोळे मिटले तेव्हा मी औषधाची चिठ्ठी घेऊन खाली दुकानात रांगेत उभा होतो. यात कोणाची चूक नाही, माझीही नाही. डॉक्टरांनीच पाठवले होते. परंतु मी वर आलो तेव्हा सर्व झालेले होते, चादर नीट केलेली होती. तिच्या जाण्याबद्दल मी आजवर जे कोणाला बोललो नाही ते एवढेच आहे, की मला ते पाहायला मिळाले नाही.

चित्र मी चादरीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत ठेवले.

आता खरेदीचा प्रश्न. ज्या कामासाठी चित्र घ्यायचे होते ते काम उरले नाही. नियमाने पाहता ते परत जायला हवे. मी परत देण्याच्या तयारीनेच दुसऱ्या दिवशी चादरीची गाठ पुन्हा आवळली. आवळताना लक्षात आले की मला ते द्यावयाचे नाही. कशाचाही उपयोग न दाखवता, कोणालाही कारण न देता, एखादी वस्तू मला हवी वाटली, असे या दीड वर्षात प्रथमच घडत होते. खरे सांगायचे तर त्याआधीही फारसे घडल्याचे आठवत नाही. हवे-नको पाहणे हे काम तिचे होते. तुम्ही चित्र ठेवण्याच्या विरुद्ध होता, हे मी विसरलेलो नाही. परंतु तुमचे म्हणणे आपल्या चित्राबद्दल होते. हे दुसऱ्याचे आहे. ते पुसण्याचा अधिकार मला नाही, म्हणून ते जपण्यास हरकत नसावी, असा अर्थ मी लावला आहे. तुम्हांला तो ओढूनताणून लावलेला वाटल्यास माझ्याकडे दुसरा नाही. मी चढ चढून गेलो आणि पैसे दिले. बाईंनी ते घेतले, चहा दिला, आणि कोठे लावणार असे विचारले. जेथे मी जेवायला बसतो तेथे समोर, असे मी सांगितले. तेथे खिळा मारायला सिमेंटची भिंत आहे.

परवा सकाळी मी आक्काला बोलावून घेतले. ती काठी टेकत आली, पाटावर बसली आणि चुना पाहून तो पातळ झाला आहे असे म्हणाली. नीळ तिने स्वतःच्या हाताने टाकली. जास्त पडली, मी बोललो नाही. मी फडक्याने धूळ झटकली आणि वरून खाली कुंचला आणू लागलो. खाली येताना हात हत्तीपाशी थांबला असेल. मग मी त्याच्यावरून कुंचला नेला. आणि तो गडद झाला, बाबा. इतका गडद की गेरू भिजवून तिने त्याच क्षणी काढला असे वाटावे. एका पायाचा गेरू थोडा ओघळला होता आणि तेथे तिने बोटाने पुसल्याची खूण होती, ती मला आजपर्यंत दिसली नव्हती.

आम्ही दोघे समोर बसलो. श्रावणातली हवा, चुना लवकर सुकेना. आक्का तुमच्या गलबताबद्दल बोलत होती, त्या खलाशाचे दोरीबद्दलचे म्हणणे बरोबर होते असे तिचे अजून मत आहे. मी ऐकत होतो आणि भिंतीकडे पाहत होतो. पाठ आधी गेली. मग कान. दुपारी आक्काने पेज मागितली तर मी तिला तेथेच आणून दिली आणि मीही तेथेच बसून खाल्ली, उठलो नाही. शेवटी सोंड राहिली, खाली वळलेली, आणि ती कधी गेली ते मला दिसले नाही, जरी मी तिच्याकडेच पाहत होतो.

आक्का उठताना म्हणाली, “दुसरो हात सांजेक मार. बाबा तसोच मारीत.” हे खरे आहे, एका हाताने भागत नाही, सकाळचे तिरपे ऊन आले की जुने चित्र कोठेतरी पुसट उमटते, म्हणून तुम्ही संध्याकाळी दुसरा हात देत होता. यंदा भिंतीवर काय काढायचे तेही तिनेच ठरवून टाकले आहे. हत्तीच, आणि तो तूच काढ, म्हणाली, म्हैस झाली तरी चालेल. मी तिला वाडीपर्यंत सोडून आलो.

आज सकाळी तिने नातवाच्या फोनवरून दुसऱ्या हाताची चौकशी केली. चुना संपला, बाजारातून आणावा लागेल, असे मी तिला सांगितले. बाबा, चुना संपलेला नाही. माठ अर्धा भरलेला आहे आणि मी त्याच्यावर झाकण ठेवले आहे.